रात्री साडेअकरानंतरचा अभ्यास: कळव्यातल्या एका बारावीच्या घराचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. ठाणे-कळवा पट्ट्यात नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या घरांत जे तपशील पुन्हा पुन्हा दिसतात, ते एका विद्यार्थिनीभोवती एकत्र आणून मांडले आहेत. तिचे मार्क, तास आणि तपासण्यांचे आकडे या मांडणीपुरते समजावेत. संशोधनाचे दाखले मात्र प्रसिद्ध झालेल्या कामाचे आहेत.

तक्रार

मुलगी १७ वर्षांची, बारावी विज्ञानची. कळव्यात वन बीएचके घर आणि माणसं पाच: आई, बाबा, आजी, ती आणि आठवीतला भाऊ. बाबा रबाळे एमआयडीसीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. कॉलेज ठाण्यात सकाळी ७:२० ला, क्लास नौपाड्यात दुपारी ३:३० ते ७:३०. रविवारी दुपारी २ ते ५ सराव परीक्षा, कारण खरी नीटही दुपारी दोनलाच सुरू होते.

तक्रार एका ओळीची होती: "वाचलेलं राहत नाही." दिवाळीनंतरच्या सराव परीक्षेत ७२० पैकी ४१२ मार्क आले. पावसाळ्यात ती याहून वर होती आणि मधल्या काळात अभ्यासाचे तास वाढलेले होते. घरात उपाय सुरू झालेच होते. भिजवलेले बदाम, शंखपुष्पीचं सिरप, निळा प्रकाश अडवणारा चष्मा. क्लासने सांगितलं, उजळणी वाढवा. मग उजळणी साडेअकरानंतर ढकलली गेली, कारण दुसरी जागाच शिल्लक नव्हती.

आजीचा आग्रह पहाटेच्या अभ्यासाचा. "लवकर निजे, लवकर उठे" हे घरात सगळ्यांना पाठ, पण पाळलं जायचं त्यातलं फक्त उठणं. रात्री १:१० ला अंथरुणावर, पहाटे साडेपाचला गजर.

आधी काय मोजलं

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त झोपेची नोंदवही भरायची असं ठरलं. रकाने सातच: अंथरुणावर कधी पडली, झोप लागायला अंदाजे किती मिनिटं, रात्रीत किती वेळा जाग, शेवटची जाग, प्रत्यक्ष उठण्याची वेळ, दुपारची झोप, आणि चहा-कॉफी वेळेसकट. नोंद सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटांत करायची. रात्री घड्याळ बघत नोंदी करायला बसलं तर त्यानेच झोप उडते.

सोमवार ते शनिवार अंथरुणात सरासरी २६० मिनिटं, त्यात झोप २५०, म्हणजे ४ तास १० मिनिटं. रविवारी मात्र रात्री दोनपासून सकाळी पावणेअकरापर्यंत, झोप साडेआठ तास. चौदा दिवसांची सरासरी ४ तास ४७ मिनिटं, दुपारच्या डुलक्या वेगळ्या. १३ ते १८ वयासाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस ८ ते १० तासांची आहे.

अंथरुणातल्या वेळेपैकी ९६ टक्के वेळ ती झोपलेली होती. निद्रानाशात हा आकडा सहसा ८५ च्या खाली जातो. म्हणजे तिला झोप येत नव्हती असं नाही, झोपेला वेळच दिलेला नव्हता. हा फरक आधी स्पष्ट झाला नाही, तर पुढचे सगळे उपाय चुकतात: ध्यानाचं ॲप, झोपेची गोळी, मेलॅटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक). आई कौतुकाने सांगत होती, "पडल्या पडल्या झोपते हो, तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत." ते कौतुक नसून लक्षण आहे. पुरेशी झोप मिळणाऱ्या माणसाला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात.

दिवसा पेंग किती येते, ते एपवर्थ मोजपट्टीच्या किशोरवयीनांसाठीच्या आवृत्तीने पाहिलं: २४ पैकी १५. दहाच्या वर गेलं की ते दखल घेण्याजोगं. घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, पाय वळवळणं, मन सतत उदास असणं हे विचारून घेतलं, त्यातलं काही नव्हतं. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन १०.६, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही कमी. या वयाच्या मुलींत हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. त्यांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पुढे जी सुधारणा दिसली, तिचं सगळं श्रेय झोपेला देता येत नाही ते यामुळे.

उत्तरपत्रिका आणि वही

४१२ मार्कांची फोड अशी: ११२ बरोबर, ३६ चूक, ३२ सोडलेले. एकूण मार्कांपेक्षा या ३६ चुका जास्त बोलक्या होत्या. त्यातल्या ११ मध्ये विषयच येत नव्हता. १४ मध्ये दोन पर्यायांपर्यंत बरोबर पोहोचून घोळ झाला होता. उरलेल्या ११ निव्वळ वाचनाच्या किंवा आकडेमोडीच्या: "चुकीचे विधान निवडा" मधलं "चुकीचे" नजरेतून सुटलेलं, मिलिमीटरचं मीटर करायचं राहिलेलं. म्हणजे ३६ पैकी २५ चुका "अभ्यास नाही" या खात्यात बसतच नव्हत्या. शिवाय पेपरच्या दुसऱ्या तासात चुका दाटल्या होत्या. दुपारी दोन ते चार ही वेळ तशीही शरीराच्या घड्याळातल्या उताराची, आणि झोप अपुरी असली की हा उतार आणखी खोल जातो. परीक्षा नेमकी त्याच वेळेत.

दुसरा पुरावा तिच्या वहीत सापडला. ती प्रत्येक बैठकीची सुरुवातीची वेळ पानाच्या कोपऱ्यात लिहायची. रात्री अकराच्या आधीची पानं रेषेवर, नीटनेटकी. पाऊण वाजताच्या एका पानावर क्रेब्ज चक्र काढलेलं आहे: सायट्रेटपासून सक्सिनेटपर्यंत येतं, मग सक्सिनेट पुन्हा लिहिलेलं, तिथून पेनाची रेघ खाली घसरत समासापर्यंत गेलेली, आणि त्याखाली तेच चक्र पहिल्यापासून पुन्हा सुरू. घसरलेली रेघ म्हणजे काही सेकंदांची झोप, डोळे उघडे असतानाही येणारी. तिला ती आठवतही नव्हती.

वहीतल्या वेळांवरून मागच्या तीन आठवड्यांतल्या धड्यांवर ६० प्रश्न काढले. ३० रात्री दहाच्या आधी वाचलेल्या भागावर, ३० साडेअकरानंतर वाचलेल्या. पूर्वसूचना न देता सोडवायला दिले. पहिल्या गटात २१ बरोबर, दुसऱ्यात १३. या तुलनेत एक खोट आहे: नकोसे धडेच मागे पडून रात्रीवर जातात, त्यामुळे दुसरा गट मुळातच थोडा अवघड असणार. तरीही घरच्यांना कागदावर एवढं पुरेसं होतं.

झोपेत नेमकं काय घडायला हवं होतं

दिवसभरात शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात नोंदलं जातं. ही नोंद कच्ची असते. ती टिकाऊ होते ती मुख्यतः झोपेत, आणि त्यासाठी तीन लयी जुळून याव्या लागतात: गाढ झोपेत मेंदूच्या बाह्यपटलावर उठणाऱ्या संथ लहरी, मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसमधून येणारे सेकंदाला साधारण १२ ते १५ आवर्तनांचे छोटे झटके, ज्यांना स्पिंडल म्हणतात, आणि हिप्पोकॅम्पसमधल्या अतिजलद लहरी. या एकमेकींत बसल्या की दिवसाच्या नोंदी पुन्हा चाळल्या जातात आणि बाह्यपटलातल्या जुन्या ज्ञानाशी जोडल्या जातात. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांत हे दाखवलं: धावताना ज्या पेशी एकत्र सक्रिय झाल्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र सक्रिय झाल्या. माणसांतला दाखला त्याहून जुना. १९२४ मध्ये जेनकिन्स आणि डॅलेनबाख यांनी कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले. तेवढाच वेळ जागं राहण्यापेक्षा झोपून उठल्यावर आठवणीत जास्त राहिलं.

"मला चार तासच लागतात, पण गाढ झोपते" हे वाक्य या प्रकरणातही आलं. त्यात अर्धं खरं आहे. रात्रीत साधारण दीड-दीड तासाची चार ते सहा आवर्तनं होतात आणि सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात असते. झोप तोडली तरी मेंदू ती बहुतांशी वसूल करतो. कापली जाते ती नंतरची: स्पिंडल असलेली मध्यम खोलीची झोप आणि पहाटेकडे लांबत जाणारी स्वप्नांची, म्हणजे रेम झोप. साडेपाचच्या गजराने तिची साखरझोप संपूर्ण उडत होती. रेम झोपेचं स्मरणातलं नेमकं काम अजून वादाचं आहे. मध्यम झोपेतले स्पिंडल आणि स्मरण यांचा संबंध त्यापेक्षा बराच पक्का.

झोप शिकण्याच्या आधीही लागते, हे सहसा विसरलं जातं. २००७ मधल्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या तरुणांना दुसऱ्या दिवशी नवी चित्रं दाखवली, तेव्हा हिप्पोकॅम्पसची हालचाल झोपलेल्यांपेक्षा कमी दिसली आणि चित्रंही कमी आठवली. म्हणजे आदल्या रात्रीचं जागरण आजच्या क्लासमधलं आत शिरू देत नाही.

आणि सवय होते का? २००३ मध्ये व्हॅन डाँगन आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज ६ किंवा ४ तासच झोपू दिलं. लक्ष आणि कार्यकारी स्मृती (माहिती तेवढ्यापुरती डोक्यात धरून वापरण्याची क्षमता) यांची घसरण दिवसागणिक साचत गेली आणि एक ते दोन रात्री सलग जागं राहिलेल्यांच्या पातळीला पोहोचली. त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की थोडीच पेंग आहे, चाललंय ठीक. "मला सवय झालीय" या दाव्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

काय बदललं

पहिला बदल उठण्याच्या वेळेत. रोज ६:१०, रविवारी जास्तीत जास्त ७. पहाटेचा पाऊण तास अभ्यास बंद. यावर आजी नाराज झाली. पण पहाटेचा अभ्यास दहाला झोपणाऱ्याला फळतो, एकला झोपणाऱ्याला नाही. रविवारची पावणेअकरापर्यंतची झोप काढून घेणं जड गेलं. आठवडाभर तिच्या झोपेचा मध्यबिंदू रात्री ३:२० च्या आसपास असायचा आणि रविवारी सकाळी ६:२० ला. तीन तासांची ही उडी घड्याळ पुढे ढकलते, मग रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार वाया जातो.

झोपण्याची वेळ एकदम अलीकडे ओढली नाही. १:१० वरून १०:४५ पर्यंत पाच टप्पे, प्रत्येक टप्प्यात अर्ध्या तासाच्या आसपास, एकेका टप्प्यावर चार दिवस. किशोरवयात मेलॅटोनिन उशिरा स्रवतं, त्यामुळे या मुलांना उशिरा झोप येणं हा आळस नाही. उडी मोठी घेतली तर पोर तासभर कूस बदलत राहतं आणि दोन दिवसांत योजना सोडून देतं.

सकाळचा उजेड हा घड्याळ अलीकडे आणणारा सर्वांत स्वस्त उपाय. पण डिसेंबरअखेरीस ठाण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, उठल्या उठल्या गॅलरीत उभं राहून काही मिळत नाही. म्हणून कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत वीस मिनिटं मैदानात, सावलीत नाही.

चहा-कॉफीच्या हिशेबात सगळ्यांनाच धक्का बसला. सकाळचा चहा, क्लासखालच्या टपरीवर कटिंग, साडेनऊला दोन चमचे इन्स्टंट कॉफी, साडेअकराला पुन्हा तेवढीच, आठवड्यातून दोनदा एनर्जी ड्रिंकचा २५० मिलिलिटरचा डबा. डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन, दोन भरगच्च चमचे कॉफीत शंभरच्या पुढे. कॅफिन झोपेचा दाब निर्माण करणाऱ्या ॲडेनोसिनची जागा अडवतं आणि निम्मं उतरायला सरासरी पाच तास घेतं. साडेअकराच्या कपातलं निम्मं पहाटे साडेचारला अंगात. एकदम तोडलं तर दोन-तीन दिवस डोकं ठणकतं, म्हणून आधी साडेअकराचा कप, चार दिवसांनी साडेनऊचा. मुक्काम: दुपारी चारनंतर कॉफी नाही, टपरीची कटिंग शेवटची. लोहाची गोळी आणि चहा यांत किमान तासाचं अंतर, नाहीतर चहा लोह शोषू देत नाही.

मोबाईल रात्री साडेनऊला ओट्यावर चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ. निळ्या प्रकाशाचा बागुलबुवा मात्र गरजेपेक्षा मोठा झाला आहे. २०१५ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी चार तास उजळ स्क्रीनवर वाचूनही झोप लागायला जेमतेम दहा मिनिटं जास्त लागली. खरं नुकसान क्लासच्या ग्रुपवर बाराला पडणाऱ्या मेसेजचं आणि "एकच रील"चं. चष्म्याचे पैसे वाया गेले.

सर्वांत कठीण भाग घराच्या रचनेचा निघाला. ती आणि आजी हॉलमध्ये झोपत. बाबांची दुसरी शिफ्ट असली की ते पावणेबाराला येणार, ट्यूबलाईट लागणार, ताट वाढलं जाणार, टीव्हीवर बातम्या. त्या आठवड्यात ती झोपू शकतच नव्हती, म्हणून अभ्यास करायची. मग तीच सवय तिन्ही आठवडे चालायची. तोडगा: दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ती आणि आजी बेडरूममध्ये, आईबाबा आणि भाऊ हॉलमध्ये. बाबांचं जेवण स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या छोट्या दिव्यात. टीव्ही बंद, हवं तर इअरफोन. बेडरूमच्या खिडकीला जाड पडदा, टेबलफॅन चालू, त्याच्या एकसुरी आवाजात रेल्वेचे हॉर्न बरेच विरतात. लग्नसराईतल्या लाऊडस्पीकरसाठी एवढं माहीत असावं की रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जाऊन सांगितलं, एकदा ऐकलं गेलं, एकदा नाही.

अभ्यासाचे तास कुठून आणले

बाबांचा प्रश्न रास्त होता: "तीन तास कमी करून मार्क वाढणार कसे?" कागदावर स्वतःचा अभ्यास सव्वापाच तास होता: रात्री साडेचार, पहाटे पाऊण. त्यातून मोबाईल वजा केला, मग तेच लेक्चर दीडपट वेगाने तिसऱ्यांदा पाहणं, मग सुवाच्य नोट्स चार रंगांच्या पेनांनी पुन्हा उतरवणं. कष्ट दिसतात, डोक्यात फारसं काही जात नाही अशी ही कामं. उरले जेमतेम अडीच तास.

नवी मांडणी: एकला घरी, जेवण, १:४५ ला वीस मिनिटं डुलकी, २:१५ ते ३ भौतिकशास्त्राची गणितं. रात्री ८:४५ ते १०:१५ अवघड किंवा नवा भाग. शेवटची पंधरा-वीस मिनिटं कोऱ्या कागदावर दिवसभरातलं न बघता आठवून लिहायचं, मग पुस्तक उघडून चुकलेलं लाल पेनाने. झोपण्याआधी नवा धडा सुरू करायचा नाही. आठवून लिहिल्याने काय कच्चं आहे ते समोर येतं. दुसऱ्या दिवशी तोच कागद रिक्षात पाच मिनिटं.

काय बिघडलं

पहिल्या दहा दिवसांत तिला आधीपेक्षा जास्त थकल्यासारखं वाटलं. ही तक्रार बहुतेकांत येते: कॅफिन कमी झालेलं असतं आणि साचलेली झोप वसूल होत असते. दुसऱ्या रविवारी मार्क ३९८ वर आले. घरात शांतता, मग आईचं "मी सांगतच होते". एका परीक्षेवरून निर्णय घ्यायचा नाही, तीन परीक्षांची सरासरी बघायची हे सुरुवातीला लिहून घेतलेलं होतं, म्हणून योजना टिकली.

डुलकी दोनदा हाताबाहेर गेली. गजर बंद करून ती पावणेदोन तास झोपली, गाढ झोपेतून उठल्यामुळे तासभर सुन्न बसली, आणि त्या रात्री साडेबारापर्यंत टक्क जागी. मग नियम असा झाला: डुलकी दिवाणावर, पलंगावर नाही, गजर २५ मिनिटांचा, हात पोहोचणार नाही तिथे, तीननंतर डुलकी नाही. मामेबहिणीच्या लग्नात तीन रात्री गेल्या. त्यानंतर "भरून काढायला" दुपारपर्यंत झोपू दिलं नाही. उठण्याची वेळ तीच ठेवली, रात्री अर्धा तास लवकर.

सहा आठवड्यांनी

सरासरी झोप ७ तास ५ मिनिटं. शिफारशीपेक्षा अजून तासभर कमी, पण ७:२० च्या कॉलेजात याहून जास्त बसत नव्हतं. झोप लागायला १२ ते १५ मिनिटं. एपवर्थ १५ वरून ८. सराव परीक्षेत ४६७: बरोबर १२२, चूक २१, सोडलेले ३७. चुकांची फोड पाहिली तर विषय न येण्याच्या चुका १० वर, जवळपास तेवढ्याच. घोळाच्या १४ च्या ७, वाचन-आकडेमोडीच्या ११ च्या ४. सहा आठवड्यांचा अभ्यास, लोहाच्या गोळ्या आणि झोप यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. पण निव्वळ अभ्यास वाढल्याचा परिणाम असता, तर आधी विषय न येण्याच्या चुका घटायला हव्या होत्या.

मेंदूच्या दीर्घकालीन आरोग्याचा प्रश्न बाबांनी काढला, मुलीसाठी. रोचेस्टर विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं की झोपेत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि बीटा-ॲमिलॉइडसारखा कचरा लवकर धुतला जातो. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांतच याच्या उलट आढळलं, त्यामुळे "झोप मेंदू धुते" हे इतक्या छातीठोकपणे सांगू नये. ब्रिटनमधल्या सुमारे ८,००० लोकांच्या २५ वर्षांच्या पाठपुराव्यात, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पन्नाशी ते सत्तरीत सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका ३० टक्क्यांनी जास्त दिसला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला याची भीती घालण्यात अर्थ नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या, शिफ्टमध्ये पाच तास झोपणाऱ्या आणि जोरात घोरणाऱ्या बाबांनी मात्र ऐकावं. त्यांना झोपेतल्या श्वासाच्या तपासणीला पाठवलं आहे.

पुढचं ठरलेलं काम: तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन-फेरिटिन पुन्हा. मेमधल्या परीक्षेआधी तीन आठवडे दुपारची डुलकी १२:४५ ला, हलकं जेवण सव्वाबाराला, आणि २ ते ५ मध्ये रोज काहीतरी सोडवायचं, म्हणजे तो उतार सवयीचा होईल. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी घाबरायचं नाही. एक रात्र बिघडली तर आधीचे आठवडे आधार देतात. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोपच येईना, किंवा मन सतत खचलेलं राहिलं, तर वेळापत्रकाशी खेळत न बसता डॉक्टर, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.